रंगांच्या वर्गातल्या त्या ताईंना थँक्यू

जिथे अडकले होते तिथून सुटल्यावर कौन्सेलिंगला बसले की माझा घसाच बंद व्हायचा, म्हणून मला चित्रांच्या ग्रुपमध्ये पाठवलं. पहिल्याच दिवशी मागे कुणीतरी खुर्ची ओढली आणि मी थरथरायला लागले, रंग सगळा सांडला. ताई धावत आल्या नाहीत, हात लावला नाही, समोर लांबच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भिंतीला टेकून बसतेस का, दार दिसेल असं?" मग ओल्या मातीचा गोळा पुढे सरकवला, काही बनवायचं नाही, नुसती दाबत बस. गार माती दाबता दाबता श्वास जाग्यावर आला. पुढे मी काळंच काळं रंगवायचे, त्यांनी कधी अर्थ विचारला नाही (बाकी सगळे विचारायचे!), कागद ठेवायचा की फाडायचा तेही मीच ठरवायचं. ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलंच. तो गोळा अजून आहे माझ्याकडे, वाळून तडकलाय.