तरुणांच्या खांद्याची शस्त्रक्रिया : कामाचाही विचार हवा

संपादक महोदय,

गुडघ्याच्या सांधेरोपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पण मशीद बंदरच्या गोदामात पोती वाहून चाळिशीतच ज्याचा खांदा झिजला, अशा माथाडी कामगाराला स्वतःपुढील पर्यायांची नीट माहिती क्वचितच मिळते. दुर्बिणीद्वारे सांधा साफ करून आखडलेले आवरण सैल करता येते, मात्र हाडावर हाड घासू लागले असल्यास तो आराम बहुधा टिकत नाही. संपूर्ण सांधेरोपणाने, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो त्या खोबणीचा पृष्ठभाग असे दोन्ही कृत्रिम बसवल्याने, वेदना अधिक खात्रीने कमी होतात. परंतु खोबणीत बसवलेली प्लास्टिकची वाटी जड कामाने कालांतराने सैल होऊ शकते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तेथे पुरेसे हाड उरलेले नसते, ही तरुण रुग्णाची खरी अडचण आहे. केवळ गोळा बदलून खोबणी घासून घेण्याच्या पद्धतीत वाटीचा प्रश्न येत नाही, पण त्यानंतर अनेक महिने रोज चिकाटीने व्यायाम करावा लागतो. रोजंदारी बुडवून तो कसा करणार, हे रुग्णाला आधीच विचारायला हवे. डॉक्टरांनी एक्स-रेइतकेच त्याच्या कामाकडे पाहावे आणि ओझे उचलण्यावर येणाऱ्या मर्यादा शस्त्रक्रियेपूर्वीच त्याला मराठीत लेखी द्याव्यात, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, परळ, मुंबई