फोटो आधी गल्लीत लाव

न्यूकॅसल (इंग्लंड),
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि तुझ्याकडच्या मुलांनी काढलेल्या फोटोंची फाइलही. रात्री जेवणं उरकल्यावर उघडली आणि झोपायला पार उशीर झाला. त्यातला एक फोटो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ट्रॉलीला टेकवलेली फळी, फळीवर अर्ध्यात पोचलेली बाई, डोक्यावर उसाची मोळी, एक पाय वर आणि मागच्या पायाचा अंगठा फळीत रुतवलेला. चेहरा पाचटानं निम्मा झाकलाय. फोटो काढणारी पोरगी फळीच्या पायथ्याशीच उभी असणार. मोळी घसरली असती तर तिच्याच अंगावर आली असती. एवढं जवळ जायला त्या बाईचा विश्वास कमवावा लागतो, आणि तो या पोरीनं एकोणिसाव्या वर्षी कमावलाय. इचलकरंजीच्या मुलानं काढलेले वडिलांच्या यंत्रमागाचे फोटोही चांगले आहेत. त्यातले रात्रपाळीचे विशेष.

तू विचारलंस की या फोटोंच्या प्रदर्शनासाठी कोल्हापूरला दसरा चौकात शाहू स्मारकचं कलादालन घ्यावं का, उद्घाटनाला कुणाला बोलवावं, पत्रिका छापाव्यात का. कलादालन जरूर घे, पण नंतर. फोटो जिथं काढले तिथं ते आधी लाव. ऊसतोड टोळीच्या तळावर, मागाच्या शेडबाहेर, तालमीच्या भिंतीवर. ज्यांचे फोटो आहेत त्यांनी ते सगळ्यांत आधी बघितले पाहिजेत. हे मी इतक्या आग्रहानं का म्हणतोय ते जरा सविस्तर लिहितो. त्यामागं या गावातली एक गॅलरी आहे आणि तिच्याबद्दल तुला एकदा नीट सांगायचं राहूनच गेलंय.

इथं टाइन नदीच्या काठाला, मोठ्या पुलाखाली, साइड नावाचा एक जुना उताराचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर १९७७ साली साइड गॅलरी सुरू झाली. सुरू करणारा अँबर नावाचा गट. लंडनमध्ये शिकणाऱ्या काही तरुणांनी १९६८ मध्ये तो काढला आणि पुढच्याच वर्षी सगळे राजधानी सोडून इकडं उत्तरेला आले. कोळशाच्या खाणी, जहाजं बांधणारे कारखाने, मासेमारी यांवर जगणारा हा मुलूख होता आणि ते सगळंच उतरणीला लागलं होतं. या लोकांमध्ये राहून त्यांच्याच आयुष्याचे फोटो आणि फिल्म करायच्या, एवढं त्यांनी ठरवलं. गटात सगळ्यांना पगार सारखा. गॅलरी लहानशी, प्रवेश मोफत. कार्तिए-ब्रेसाँसारख्या जगद्विख्यात फ्रेंच फोटोग्राफरचे फोटो तिथं लागले आणि शेजारच्या वस्तीतल्या पोरांनी काढलेलेही लागले. मी या गावात आलो तेव्हा सुट्टीच्या दिवशी जायला फुकटची ऊबदार जागा म्हणून पहिल्यांदा आत शिरलो आणि मग जातच राहिलो. तिथं बघायला येणाऱ्यांत म्हातारी माणसं फार असायची. काचेला नाक लावून, ही गल्ली कुठली, ही कुणाची मुलगी, असं एकमेकांत बोलत उभी राहायची. आपल्याकडं लग्नाचा अल्बम बघताना बायका जशा बोलतात, अगदी तसं. गॅलरीत माणसं इतक्या मोकळ्या आवाजात बोलतात, हे मी तोवर कुठं पाहिलं नव्हतं.

तिथं मला टिश मर्था भेटली, म्हणजे तिचे फोटो भेटले. ती जन्मली १९५६ मध्ये, दहा भावंडांतली तिसरी. न्यूकॅसलच्या एल्सविक भागात, सरकारी घरात वाढली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. विसाव्या वर्षी वेल्समध्ये न्यूपोर्टला डॉक्युमेंटरी फोटोग्राफीच्या कोर्सला गेली. तो कोर्स डेव्हिड हर्न चालवायचे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, कशाचे फोटो काढायचेत? पोलीस पोरांना लाथा घालतात त्याचे, असं तिनं सांगितलं आणि तिला तिथल्या तिथं प्रवेश मिळाला. शिकून झाल्यावर ती मोठ्या शहरात गेली नाही. एल्सविकला परत आली आणि बेकार पोरांचे फोटो काढू लागली. ती पोरं म्हणजे तिचेच भाऊ, त्यांचे मित्र, शेजारची मुलं.

त्यातला एक फोटो तुला सांगतो. पडक्या घराच्या वरच्या खिडकीतून पोरं खाली उड्या टाकतायत आणि खाली जुन्या गाद्यांचा ढीग आहे. एक पोरगा हवेत आहे. घराला काचा नाहीत, दारं नाहीत. दुसऱ्या एका फोटोत राडारोड्यात उलट्या पडलेल्या आरामखुर्चीवर एक मुलगी बसलीय. दोन्ही फोटोंत कुणी कुणाकडं दयेनं बघत नाही. काढणारीला ती माणसं आतून ठाऊक होती, म्हणून दयेची जागाच उरली नाही. तुझ्या मुलांच्या निम्म्या फोटोंत मला हेच दिसलं आणि म्हणून तर एवढं लिहावंसं वाटलं.

हे फोटो १९८१ मध्ये साइडमध्ये लागले, तरुणांची बेकारी याच नावानं. त्यांचा विषय थेट ब्रिटिश संसदेतल्या चर्चेत निघाला. एका वस्तीतली पंचविशीची मुलगी, गावातली लहान गॅलरी आणि तिथून संसद. मधे लंडनचं कुठलंही बडं कलादालन नव्हतं. लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं ते २०१८ मध्ये. तेव्हा ती जाऊन पाच वर्षं झाली होती.

त्याच्या आधीची, १९७९ ची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. तेव्हा इथं गल्लीगल्लीत लहान मुलांचे बँड असायचे. गणवेश, शिस्त, कवायत, स्पर्धा. साइडनं टिशला त्यांचे फोटो काढायला सांगितलं. तिला त्या कवायतीत लष्करी वास आला. मग तिनं बँडमधल्या मुलांबरोबरच, बँडमध्ये न घेतलेल्या मुलांचेही फोटो काढले. त्या मुलांनी मिळेल ते हातात घेऊन आपलाच एक बँड काढला होता. प्रदर्शन लागल्यावर बँड चालवणारी मंडळी खवळली. तरी गॅलरीनं फोटो उतरवले नाहीत. ज्यांच्याबद्दल फोटो आहेत ती माणसं समोर येऊन भांडतात, याचा अर्थ फोटो योग्य जागी लागले आहेत. कलादालनात हार, शाल, श्रीफळ होईल, वर्तमानपत्रात बातमी येईल आणि भांडण कुणीच करणार नाही. तरुण फोटोग्राफर घडायला मात्र ते भांडणच लागतं. आपण दाखवलं ते खरं होतं की नाही, हे त्याला दुसरं कोण सांगणार?

याच गटातल्या सिर्का-लिसा कोंटिनेनबद्दलही लिहायला हवं. फिनलंडची बाई. बायकर नावाच्या कामगारवस्तीत भाड्यानं राहायला गेली आणि स्वतःचं घर पाडलं जाईपर्यंत तिथंच राहिली. सगळी वस्ती पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. सुरुवातीला तिनं बंद पडलेल्या एका केशकर्तनाच्या दुकानात स्टुडिओ मांडला आणि लोकांचे फोटो फुकट काढून दिले. म्हणजे आधी दिलं आणि मग मागितलं. वस्ती गेली, माणसं पांगली, जुन्यांपैकी थोड्याच लोकांना नव्या घरांत जागा मिळाली. आज जुनं बायकर उरलंय ते तिच्या फोटोंत आणि अँबरच्या फिल्ममध्ये. हे काम २०११ मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनच्या स्मृतिनोंदवहीत घेतलं गेलं. त्याआधी २००३ मध्ये ती पुन्हा बायकरला गेली तेव्हा तिथं निर्वासित कुटुंबं आलेली होती. या वेळी फोटोत काय असावं हे तिनं त्या माणसांबरोबर बसून ठरवलं. तुझ्या मुलांना हे आवर्जून सांग. ऊसतोडीच्या बायकांना एकदा तरी विचारा, तुमचा कसला फोटो काढू? त्या कोयता घेऊन उभ्या राहतील असं आपण गृहीत धरतो. कदाचित त्या ठेवणीतलं लुगडं नेसून येतील.

एवढं सगळं उभं राहिलं आणि तरी ९ एप्रिल २०२३ रोजी साइड गॅलरी बंद झाली. सरकारी कला परिषदेच्या नव्या यादीत तिचं नाव आलं नाही, विजेची बिलं वाढत चालली होती. लोकांनी वर्गणी गोळा केली, ती पुरली नाही. त्याच महिन्यात नदीपलीकडं, गिरणीच्या जुन्या इमारतीतल्या बाल्टिक या भव्य कलाकेंद्रात ख्रिस किलिपचं मोठं प्रदर्शन लागलं. किलिप हा साइड उभी करणाऱ्यांतलाच एक. त्याच्या फोटोंना लखलखीत भिंत मिळाली आणि ते जिथं वाढले त्या जागेला कुलूप लागलं. मला त्याचा फार त्रास झाला, अजून होतो. टिशचंही तसंच. तिचे फोटो आज संग्रहालयांत आहेत आणि ती मात्र शेवटपर्यंत पैशाच्या ओढाताणीत जगली. मुलीनं नंतर वर्गणीतून पुस्तक काढलं तेव्हा जग बघायला आलं.

म्हणून पैशाचं आधी बोल. मुलांना मानधन दे, थोडं का होईना. छपाईचा खर्च त्यांच्या खिशातून जाऊ देऊ नकोस. प्रदर्शनात नाव होतंय ना, मग पैसे कशाला, असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांग की मांडववाल्याला आणि चहावाल्याला आपण असं म्हणत नाही. माझा वाटा मी पाठवतो.

गल्लीतलं प्रदर्शन म्हणजे काही तरी कमी दर्जाचं, असं कुणी म्हटलं तर आपल्याकडचंच उदाहरण दे. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्टकरी बायकांचे फोटो काढले. 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' या नावाचं ते प्रदर्शन बसस्थानकांत, रेल्वे स्टेशनांवर, कारखान्यांच्या गेटवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागलं. सात लाखांहून जास्त लोकांनी ते बघितलं. काठमांडूजवळ पाटणमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच चौकांत आणि गल्ल्यांत फोटोंचा महोत्सव भरला, तडे गेलेल्या भिंतींच्या शेजारी. आणि आपण तर बाबूराव पेंटरांच्या गावचे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. आपल्याला चार भिंती शोधायला काय अवघड आहे?

आता कामाचं. फ्लेक्सवर छापू नकोस, कितीही स्वस्त पडलं तरी. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत तो मिसळून जाईल. मॅट कागदावर छाप आणि सनबोर्डवर चिकटव. काच नको, उन्हात फोटो दिसण्याऐवजी आपलंच तोंड दिसतं. हॉलमध्ये फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असावा, पण तळावर पोरं आणि म्हाताऱ्या बसून बघतील, तिथं खाली लाव. खालची ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत. तिच्यात माणसाचं नाव आणि गाव, त्यांची हरकत नसेल तर. 'ऊसतोड महिला' असं लिहून भागवू नका, तिला नाव आहे. आणि ज्यांचा फोटो लागेल त्या प्रत्येकाला त्याची एक प्रत हातात द्या. ही प्रत द्यायला विसरायचं नाही.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. तळावर मुकादम असणार. उचल घेतलेली माणसं आहेत, कुणाचा फोटो कुणाला खुपेल सांगता येत नाही. खोपीतले, आजारी माणसाचे, लहान मुलांना कामाला लावल्याचे फोटो भिंतीवर जाण्याआधी त्या त्या घरात बसून दाखवा आणि नको म्हणाले तर काढून टाका. फोटो कितीही चांगला असला तरी. फळीवरच्या बाईचा फोटोसुद्धा तिला आधी दाखवूनच. त्या पोरीला हे पटायला जड जाईल. तिच्याशी तू स्वतः बोल, तुझं ती ऐकेल.

आणि हे लवकर कर. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या गावाकडं निघतील आणि मग ते फोटो बीडला पाठवावे लागतील. शाहू स्मारकचं बुकिंग एप्रिलनंतरचं घे. तळावर माणसं जे बोलतील ते मुलांनी वहीत लिहून ठेवावं आणि त्यातलं त्यांच्या परवानगीनं कलादालनात फोटोशेजारी लावावं. यंत्रमागाच्या शेडमध्ये रात्रपाळी सुटायच्या वेळी लावलंत तर माग चालवणारे घरी जाता जाता बघतील. त्या मुलाच्या वडिलांना विचार, मालक परवानगी देतील का.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांना आठवण. मुलांची खात्याची माहिती आणि छपाईवाल्याचा दर कळव, म्हणजे या महिन्यातच पैसे टाकतो. आणि त्या पोरीला विचार, फळीचा फोटो किती वाजता काढला? उजेड पहाटेचा वाटतो, पण सावली बघून खात्री होत नाही.

तुझाच