ओकायामातल्या त्या दोघांना

पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ती जपानमधल्या ओकायामाची कोराकुएन पाहायचीच, हा आईचा हट्ट. १७०० साली पूर्ण झालेली ही बाग. आम्ही पोचलो भर पावसात, छत्रीविना. शिरोशिताला ट्राममधून उतरलो, तर एका आजींनी आपली छत्री आईच्या हातात दिली आणि परत घ्यायला साफ नकार दिला. पाऊस ओसरल्यावर गवत वेचणाऱ्या माळीकाकांनी आईला हात धरून युइशिनझान टेकडीवर चढवलं. वरून तळं, हिरवळ, पलीकडे काळाकुट्ट किल्ला. आई बराच वेळ बोललीच नाही (हे आमच्याकडे दुर्मिळ!). आजी, काका, नावं विचारायची राहिलीच. मनापासून आभार. छत्री कोथरूडला आहे, आई कुणाला हात लावू देत नाही.