बार्लो रोडची चाकोरी दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला बार्लो रोड नकाशावर ओळखायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. माउंट हूडला दक्षिणेकडून वळसा घालणारा हा 1846 सालचा, जनावरांनी ओढायच्या गाड्यांचा रस्ता बऱ्याच ठिकाणी डग्लस फरच्या रानात बुडाला आहे. हवाई छायाचित्रात नुसते शेंडे दिसतात. लायडारचे, म्हणजे विमानातून लेझर टाकून जमिनीची उंची मोजण्याच्या तंत्राचे, थोडे किरण फांद्यांमधून जमिनीपर्यंत पोचतात. तेवढेच बिंदू ठेवून केलेल्या 1 मीटरच्या उंची-नकाशात चाकोरी उमटते.

तीही सहज दिसत नाही. सॉफ्टवेअर हिलशेड, म्हणजे उंची-नकाशावर खोटा उजेड पाडून उठावाचं चित्र, करताना बहुधा 315 अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून उजेड टाकतं. वायव्य-आग्नेय जाणाऱ्या चाकोरीची सावलीच पडत नाही आणि ती हरवते. तुम्ही 16 दिशांनी उजेड टाकायला लावलात, शिवाय मूळ उंचीतून आजूबाजूच्या 20 मीटरची सरासरी वजा करायला सांगितलंत. मग फूटभर खोलीची घळही उठून दिसते.

सगळ्यात मोलाचं म्हणजे लाकूडतोडीचे रस्ते वेगळे काढणं. आडव्या उतारावर गाडी कलंडते, म्हणून गाडीवाले शक्यतो सोंडेवरून सरळ चढत-उतरत. लॉरेल हिलवर तर झाडांना दोराचे वेढे देऊन गाड्या खाली सोडत. लाकूडतोडीचा रस्ता डोंगराच्या कुशीतून आडवा जातो, वर कापलेली दरड आणि खाली भराव. म्हणून दर 20 मीटरला रेघेला आडवा छेद, म्हणजे जमिनीच्या उंचीचा आलेख, काढायचा. पायरी दिसली तर ती रेघ सोडायची. दोन-तीन मीटर रुंद, कडा झिजलेला खोलगट भाग दिसला तर पुढे जायचं. ओंडके ओढल्याच्या घळीही सरळ उतरतात, पण त्या पंख्यासारख्या एकाच सपाट जागी येऊन मिळतात. इथेच बहुतेकांची फसगत होते.

जनरल लँड ऑफिस या अमेरिकी सरकारच्या जमीन-कार्यालयाच्या जुन्या मोजणी-नकाशांबद्दलचा तुमचा इशाराही तितकाच कामाचा. मोजणीदार जमिनीचे चौरस मैलाचे तुकडे पाडणाऱ्या, मैलामैलावरच्या सेक्शन रेषांवरून साखळी टाकत जात आणि रस्ता रेषेला कुठे छेदतो ते वहीत लिहीत. 66 फुटांची एक साखळी, 80 साखळ्यांचा मैल. ते छेदबिंदू भरवशाचे. दोन रेषांच्या मधला रस्ता बहुतेक अंदाजाने काढलेला. त्यामुळे जुना नकाशा लायडारवर ताणून बसवायचा नाही, छेदबिंदू तेवढे घ्यायचे.

दाट झाडीत मोबाइलचं जीपीएस सहज 5 ते 10 मीटर चुकतं, तेव्हा जागेवरही तुमचे आडवे छेदच हाताशी धरतो. त्या छेदांच्या फाइली पुढच्या मंडळींना द्यायला तुमची परवानगी हवी आहे, तेवढी कळवा.

आपली,
बार्लो रोड शोधणारी मराठी मंडळी