डिझेलच्या टाकीतले पाणी औषधाने जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिझेल गाडीच्या टाकीत पाणी गेले तर काय करावे, या वाचकाच्या प्रश्नाला आपल्या वाहनविषयक सदरात दिलेले उत्तर वाचले. टाकीत थोडे स्पिरिट किंवा ‘पाणी घालवणारे’ औषध ओता, टाकी फुल करा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर तासभर पळवा, असा तो सल्ला आहे. जुन्या पेट्रोल गाडीला तो एखादवेळी चालून गेला असता. डिझेल गाडीत, त्यातही कॉमन रेलच्या (एका सामाईक नळीत डिझेल प्रचंड दाबाने साठवून इंजिनात फवारणाऱ्या) गाडीत तो पाळला तर टाकी धुण्यावर भागणारे काम इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप आणि ते आत फवारणारे नोझल उघडण्यापर्यंत जाईल. गाड्यांच्या याच पंप आणि नोझलच्या दुरुस्तीत हयात गेल्यामुळे हे वाचून गप्प बसवले नाही.

मूळ घोटाळा पेट्रोलचा नियम डिझेलला लावण्यात आहे. पेट्रोलच्या नेहमीच्या इंजेक्शनमध्ये दाब जेमतेम ३-४ बार असतो. कॉमन रेलमध्ये तो १६०० ते २००० बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. एवढा दाब धरायचा म्हणून आतले भाग एकमेकांत अवघ्या काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीवर बसवलेले असतात आणि त्यांना वेगळे ऑइल नसते. डिझेल हेच त्यांचे वंगण. त्या फटीत डिझेलऐवजी पाणी आले की धातूवर धातू घासतो. गाडी तशीच उभी राहिली तर गंज चढतो. इंजेक्टरच्या, म्हणजे नोझलच्या तापलेल्या टोकाशी पोचलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ते टोक खराब होते. म्हणजे ‘तासभर पळवा’ या सल्ल्याने पाणी जिथे अजिबात जाऊ नये, नेमके तिथेच आपण ते पाठवतो.

आता स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. ते पाण्यात मिसळते आणि पेट्रोलमध्येही बऱ्यापैकी मिसळते, म्हणून तिकडे थोडेसे पाणी त्याच्या आधाराने जळून जाते. डिझेलशी त्याचे फारसे जमत नाही. तळाला पाणी असेल तर बरेचसे अल्कोहोल खाली जाऊन त्यालाच मिळते आणि आपले पाणी वाढते. शिवाय डिझेलची वाफ साधारण ५५ अंशांच्या आसपास किंवा त्यावर पेट घेऊ शकते. स्पिरिटची १२-१३ अंशांनाच. ते ओतल्यावर टाकीच्या वरच्या रिकाम्या भागात पेट घेणारी वाफ साठते. डिझेलचे वंगण पातळ होते ते वेगळेच.

बाटलीतल्या औषधांचे दोन प्रकार असतात आणि सदरात हा फरक सांगितलाच नव्हता. एक प्रकार पाण्याचे बारीक थेंब करून ते डिझेलमध्ये पसरवतो. दुसरा उलट, पसरलेले थेंब एकत्र करून त्यांना तळाला जायला मदत करतो. पहिल्या प्रकाराने गाडी सुधारल्यासारखी वाटते, कारण पाणी दिसेनासे होते. पण फिल्टरमधला पाणी वेगळे करणारा भाग मोठे थेंब अडवण्यासाठी असतो. इतके बारीक थेंब त्यातून सरळ पुढे निघून जातात.

इथे थोडा हिशेब मांडतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसणार हे खरे. पण थेंबाचा व्यास दहावा हिस्सा झाला की त्याचा खाली जाण्याचा वेग शंभरावा हिस्सा होतो. २० सेंटीमीटर खोल डिझेलमधून १०० मायक्रॉनचा थेंब साधारण दहा मिनिटांत तळाला जातो. १० मायक्रॉनच्या थेंबाला सोळा-सतरा तास लागतात. १ मायक्रॉनचा असेल तर दोन महिने, तेही टाकी हलली नाही तर. म्हणून पाणी काढण्याआधी गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायची आणि म्हणूनच पाण्याचा चुरा करणारे औषध ओतायचे नाही.

मग करायचे काय? संशय आल्यापासून चावीच लावायची नाही. बऱ्याच गाड्यांत टाकीतला इलेक्ट्रिक पंप चावी ‘ऑन’ करताच फिरू लागतो, सेल्फ मारायचीही गरज लागत नाही. तो पाणी ओढून पुढे ढकलतो आणि तळाशी शांत बसलेले पाणी ढवळूनही टाकतो. गाडी टोचन करूनच न्यावी.

पाणी आहे की नाही, हे बघायला मोठी यंत्रे लागत नाहीत. फिल्टरच्या खालचा ड्रेनचा नट सैल करून आतले डिझेल पारदर्शक काचेच्या बरणीत घ्यावे. पाणी असेल तर काही मिनिटांत तळाला वेगळा थर दिसतो आणि दोहोंमधली रेघ स्पष्ट उमटते. बरणी कलती केली की खालचे थेंब गोळ्यांसारखे घरंगळतात. रेघ दिसत नाही पण डिझेल दुधट आहे, असे असेल तर बारीक थेंब अजून तरंगत आहेत. बरणी सकाळपर्यंत ठेवून द्यावी. तरीही खात्री नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची चिमूट टाकावी. डिझेलला तो रंग चढत नाही, खालचे पाणी मात्र लगेच रंगते. ड्रेनच्या भागात मावणारे पाणी असते जेमतेम पेलाभर. ते काढल्यावर फिल्टरमध्ये पाणी साठल्याचे दाखवणारा डॅशबोर्डवरचा दिवा लगेच पुन्हा लागला, तर पाणी टाकीत आहे. दर वेळी फिल्टर रिकामा करत बसण्यात अर्थ नाही.

टाकीचे काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. खाली ड्रेनचा नट असेल तर रात्रभर विसावलेल्या टाकीतून आधी पाणीच येते. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो नसतो. मग मागच्या सीटखालचे झाकण काढून फ्लोट (डिझेलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) आणि पंप बाहेर घ्यायचा, नाहीतर टाकीच उतरवायची. भरायच्या तोंडातून नळी घालून सगळे पाणी येईल या भ्रमात राहू नये; वाटेत वळणे आणि जाळ्या असतात, नळी तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. नळी तोंडाने ओढणे तर कटाक्षाने टाळावे. डिझेलचा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. ज्या गाड्यांत खालून मधोमध मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट जातो, त्यांची टाकी खोगिरासारखी दोन्ही बाजूंना लोंबते. एक बाजू चकचकीत करायची आणि दुसऱ्या बाजूला पाणी तसेच ठेवायचे, असे काम मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. गाडी पुढच्याच आठवड्यात परत येते आणि बिचाऱ्या पंपाला दोष मिळतो.

टाकी पुसायला तंतू न सोडणारे कापड घ्यावे. जाणारे आणि परतीचे दोन्ही पाइप ताज्या डिझेलने धुवावेत, फिल्टर नवा बसवावा. पाइपात अडकलेली हवा (एअर) काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नये. कोरडा फिरलेला पंप पाण्याने बिघडावा तितकाच बिघडतो. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघावा. लालसर डाग हा गंज. चंदेरी चमक दिसली तर पंप आतून झिजायला लागला आहे आणि मग नुसत्या टाकीच्या सफाईने भागणार नाही. तळाला काळपट बुळबुळीत थर असेल तर ते पाणी जुने आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. अशा वेळी त्यांना मारणारे वेगळे औषध लागते, पण तेही पाणी आणि गाळ काढल्यावरच कामाचे.

सदरात आणखी एक विधान होते, की अर्धी टाकी रिकामी ठेवल्यानेच पाणी साठते. हे कारण सर्रास सांगितले जाते आणि फार फुगवून सांगितले जाते. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम बाष्प असते. टाकीतली रिकामी जागा ३० लिटर धरली तर त्या सगळ्या हवेत मिळून एक ग्रॅमही पाणी नाही. शिवाय दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने यातली थोडीशीच हवा बदलते. उलट ईएन ५९० या युरोपीय मानकानुसार चांगल्या डिझेलमध्येही किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते, म्हणजे ५० लिटरमागे आठेक ग्रॅम. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. बायोडिझेल मिसळलेले डिझेलही ओल जास्त धरते. पण रोजच्या गाडीच्या टाकीतून अर्धा लिटर पाणी निघाले तर ते हवेतून आलेले नाही. ते झाकणाच्या फाटक्या वायसरमधून, गंजलेल्या भरण-नळीतून, पुरातून किंवा डिझेल जिथून भरले तिथून आले आहे. हे शोधले नाही तर टाकी धुणे पुन्हा पुन्हा करावे लागते. डिझेल भरल्यानंतर थोड्याच अंतरावर गाडी मिस मारू लागली, म्हणजे झटके देत चालू लागली, पांढरा धूर आला, तर पावती आणि बरणीतला नमुना जपून ठेवावा.

काढलेले मिश्रण गटारात किंवा जमिनीवर ओतू नये, जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. वरचे डिझेल स्वच्छ दिसते म्हणून ते त्याच गाडीत परत भरण्याचा मोहही टाळावा.

आपले सदर वाचून गाडीत हात घालणारे वाचक पुष्कळ आहेत. तेव्हा ‘स्पिरिट ओता’ आणि ‘गाडी पळवा’ या दोन सूचना चुकीच्या असल्याचा खुलासा त्याच सदरात, तितक्याच ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक डिझेल पंप दुरुस्ती कारागीर