रविवारचा फोन का चुकला

लाइपझिग,
सोमवार, 24 नोव्हेंबर

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. काल फोन चुकला तो नेटमुळे, तब्येतीमुळे नाही. आई, नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच आलं म्हणजे पोरगं काहीतरी लपवतंय, असं तू वैशूला म्हणालीस म्हणे. अगं, मोबाइलचा पॅक संपला होता. इथे पॅक संपला की नेट बंद होत नाही, रांगायला लागतं. दोन शब्द जायला चार मिनिटं लागली, म्हणून दोनच पाठवले. जेवतो, स्वेटर घालतो. यावर आणखी लिहीत नाही.

बाबा, तुमचा प्रश्नही वैशूने पोचवला. नेट कंपनीचा डबा सोडून जुन्या बाजारातला पाच युरोचा राउटर लावायची हौस कशाला? तर कंपनीच्या डब्याला दर महिन्याला भाडं पडतं. माझ्या राउटरचे अपडेट बंद झाले होते, म्हणून त्यात ओपनडब्ल्यूआरटी नावाचं सॉफ्टवेअर घातलं. 2004 पासून जगभरचे लोक मिळून ते लिहितायत, पैसे पडत नाहीत. बॉडी तीच, इंजिन दुसरं. दापोडीच्या एसटी कारखान्यातून आलेल्या गाड्यांना तुम्ही डेपोत काय काय जोडायचात ते आठवा आणि मग मला बोला.

शनिवारी आमच्या इमारतीतले विजेचे मीटर बदलले. तासभर वीज नव्हती. ती आली, नेट मात्र आलं नाही. मला वाटलं केबल गेली. ती कपाटामागे. आणि उजाडला रविवार.

इथला रविवार तुम्हाला नीट सांगायला हवा. दुकानं बंद, म्हणजे नवी केबल मिळणार नाही, हे एक. पण रविवारी आवाजसुद्धा करायचा नाही. भिंतीला ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही. रिकाम्या बाटल्या टाकायला कोपऱ्यावर मोठ्या पेट्या असतात, पांढऱ्या काचेची वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी. त्यातही रविवारी बाटली टाकायची नाही, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. मला आधी हा म्हाताऱ्यांचा चोचला वाटायचा. पण रविवारची विश्रांती इथल्या राज्यघटनेत आहे! 1919 च्या घटनेतलं कलम, नव्या घटनेत जसंच्या तसं ठेवलंय. आमच्या खालच्या आजींना ते पाठ असावं. मग मी कपाटाच्या चारी पायांखाली, आई, तूच दिलेली सोलापुरी चादर दुमडून घातली आणि बोट बोट करत कपाट सरकवलं. वीस मिनिटं गेली. केबल ठणठणीत.

मग तुमचीच रीत, बाबा: आधी टाकीत डिझेल आहे का बघायचं, मग पंप खोलायचा. मोडेमचा दिवा स्थिर. राउटरमध्ये शिरून 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरला, नावाने नाही तर आकड्याने हाक मारली, लगेच ओ आली. म्हणजे रस्ता मोकळा होता, पण नावाने विचारलं की कुणाचाच पत्ता सापडेना.

घोळ मीच घातला होता. नावांवरून पत्ते शोधायचं काम मी मार्चमध्ये कुलूपबंद करून ठेवलं होतं, एन्क्रिप्टेड डीएनएस. त्या कुलपाला समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागतं आणि सर्टिफिकेटवर तारीख असते. माझ्या राउटरला मात्र घड्याळाचा सेल नाही. वीज गेली की सेटिंगची फाइल शेवटी कधी बदलली ते तो बघतो आणि तीच तारीख आजची धरतो. समोरचं सर्टिफिकेट ऑक्टोबरचं. मार्चात बसलेल्याला ते खोटंच वाटणार. बरं, वेळ विचारून घे म्हणावं तर वेळ सांगणाऱ्याचा पत्ता शोधायला पुन्हा तेच कुलूप. रेशनकार्डासाठी आधार आणा, आधारसाठी रेशनकार्ड आणा, तसं.

स्क्रीनवर तारीख होती 9 मार्च. म्हणजे त्याच्या लेखी वैशूचं अजून ठरायचंच होतं. साखरपुडा व्हायचा होता आणि त्याला मी आलो नाही हेही अजून घडायचं होतं. मी आधी उठून चहा केला. मग तारीख हाताने घातली, क्षणात सगळं सुरू. वेळेच्या पत्त्यात आता नावाऐवजी आकडे लिहिलेत. पुन्हा होणार नाही.

शुक्रवारी 75 हजार पाठवलेत. बाबा, कार्यालयाचा इसार भरून टाका, एफडी मोडू नका. डिसेंबरचे थोडे कमी येतील, घरभाडं वाढलंय. काळजीचं काही नाही. सुट्टी नऊच दिवसांची मिळाली. हळदीच्या आदल्या रात्री पोचेन, वैशूला आत्ताच सांगू नका, ती रडेल. मीच सांगतो तिला.

आई, सांगलीच्या मुलीचा फोटो नेट नव्हतं म्हणून बघायचा राहिला, असं आत्याला सांग. नेट रात्री नऊला आलं. तुमच्याकडे दीड वाजला होता, म्हणून फोन केला नाही. फोटो उघडला होता. दोनदा. आत्याला बोलू नकोस.

तुमचा,
बाळू