तीन वेळा पार्ट बदलले, अर्थिंगची पट्टी एकदाही तपासली नाही : ट्रकच्या वायरिंगबाबत तक्रार

दिनांक : 17 फेब्रुवारी 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीच्या निदानामुळे झालेला 43,850 रुपयांचा खर्च आणि रात्री घाटात ओढवलेला धोका

महोदय,
स.न.वि.वि.

माझा 2009 सालचा सहाचाकी ट्रक गेली अकरा वर्षे आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये येतो. गाडी मी स्वतः चालवतो, सोबत एक क्लीनर असतो आणि घर या एकाच गाडीवर चालते. पावसाळा सोडला तर राजापूर भागातून जांभ्याचे चिरे भरायचे आणि ओणी, पाचल, अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला उतरवायचे, हे माझे काम.

जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग लागते. त्यासाठी 18 नोव्हेंबर 2024 रोजी गाडी आपल्याकडे दिली. इंजिनचे माउंटिंग रबर बदलले, चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा रंगवून घेतला, पासिंग झाले. डिसेंबर लागला आणि त्रास सुरू झाला. भरलेली गाडी घाट चढू लागली की हेडलाइट मंद व्हायचे, डॅशबोर्डवरचा व्होल्टचा काटा खाली यायचा, मध्येच दिवे पुन्हा लख्ख व्हायचे. चार्जिंगचा दिवा मात्र एकदाही लागला नाही. सपाटीला आलो, गाडी रिकामी झाली की सगळे ठीक. कधीकधी सेल्फ (स्टार्टर) मारला की नुसता ‘कट्’ आवाज यायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी इंजिन सुरू व्हायचे.

हे सगळे मी 14 डिसेंबरला आपल्या सुपरवायझरना तोंडी सांगितले. ‘फक्त लोडमध्ये, फक्त चढाला’ हे शब्द मी तीनदा उच्चारले. जॉबकार्डवर लिहिले गेले एवढेच : ‘लाइट डिम, बॅटरी वीक’. फिटरने रिकामी गाडी आवारात सुरू केली, मीटर अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला लावला, 28 व्होल्ट आले. अल्टरनेटर ठीक, म्हणजे बॅटऱ्या गेल्या, असा निष्कर्ष निघाला. 12 व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या बसल्या, 25,600 रुपये. जुन्या चौदाच महिन्यांच्या होत्या, त्या आपण बदलीत ठेवून घेतल्या.

नव्या बॅटऱ्या भरलेल्या असल्याने पंधरवडा बरा गेला. मग पुन्हा तेच. 6 जानेवारीला, आधी जो ठीक म्हटला होता तोच अल्टरनेटर बदलला, 11,850 रुपये. 27 जानेवारीला सेल्फ उघडून दुरुस्त केला, 5,620 रुपये.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट दाखवली होती. इंजिन बंद करायची स्टॉपची तार सेल्फ मारल्यावर हाताला चटका बसेल इतकी तापत होती, तिचे प्लॅस्टिक वितळून केबिनमध्ये वास यायचा. ही तार म्हणजे नुसती ओढायची तार, तिच्यात वीज असण्याचे कारणच नाही. ती का तापते, असे कुणीही विचारले नाही. 780 रुपयांची नवी तार टाकून गाडी माझ्या हवाली केली. मला सर्वात जास्त राग याचा आहे. दुखणे स्वतःहून समोर आले होते आणि आपल्या माणसांनी त्याच्यावर नवे आवरण चढवले.

8 फेब्रुवारीच्या रात्री दहा टन चिरे घेऊन अणुस्कुरा चढत असताना हेडलाइट विझत्या वातीसारखे झाले. वळणावर समोरचा कठडा दिसेना. गाडी बाजूला घेताना गिअर चुकला, इंजिन बंद पडले आणि सेल्फ फिरेना. क्लीनरने उडी टाकून चाकांना दगड लावले. मागून येणाऱ्यांना कळावे म्हणून आम्ही दोघांनी झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यात टाकल्या आणि मोबाइलचा टॉर्च दाखवत पहाटेपर्यंत उभे राहिलो. एखादी एसटी वेगात आली असती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो.

सकाळी पाचलहून एक वयस्कर वायरमन आले. त्यांनी आधी सगळे ऐकून घेतले. मग जंपर केबलचे एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. सेल्फ एका झटक्यात फिरला. इंजिन चालू ठेवून, केबल काढून, सगळे दिवे लावले आणि मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर टेकवली. तिथे पाव व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. इंजिन आणि चेसिस जोडून वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी अर्थची पट्टी त्यांनी लाकडाने जरा ढकलली, तर तोच आकडा 3.6 झाला.

बोल्ट खोलला तेव्हा कारण उघड्यावर आले. माउंटिंगच्या कामात काढलेली पट्टी आपल्याकडे चेसिसच्या ताज्या रंगावरच परत कसली होती. लोखंडाला लोखंड टेकलेच नव्हते, जी काय वीज जायची ती बोल्टच्या आट्यांमधून. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये जोर लावते तेव्हा इंजिन रबरांवर कलते, पट्टी ताणली जाते आणि तेवढाही संपर्क सुटतो. मग अल्टरनेटर स्वतःपुरते 28 व्होल्ट तयार करतो आणि बॅटरीपर्यंत 24 च पोचतात, म्हणजे बॅटरी भरत नाही. आपला फिटर मीटरची काळी वायर अल्टरनेटरच्या अंगावर टेकवत होता, म्हणून त्याला सगळे छान दिसत होते. सेल्फचा मोठा करंट दुसरी वाट नाही म्हणून इंजिनकडून स्टॉपच्या तारेने केबिनमार्गे चेसिसकडे परत जात होता. तार त्यामुळे तापत होती.

त्यांनी रंग खरवडून लोखंड पांढरे केले, नवी पट्टी आणि दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलिन लावले. चाळीस मिनिटे लागली. पट्टीसकट 600 रुपये घेतले. त्यानंतर सहा खेपा झाल्या, काटा हललेला नाही.

माझे म्हणणे असे आहे. अल्टरनेटर, सेल्फ आणि तार यांचे 18,250 रुपये मला परत मिळावेत. नव्या बॅटऱ्या मी वापरतो आहे, त्यांचे पूर्ण पैसे मागणे मला पटत नाही. पण माझ्या चांगल्या चालणाऱ्या जुन्या बॅटऱ्यांची रास्त किंमत आजच्या हिशेबाने द्यावी. आपण काढलेला अल्टरनेटर माझ्यासमोर तपासावा. आणि नोव्हेंबरपासून आपल्याकडे ज्या ज्या गाड्यांची चेसिस रंगवली, त्यांच्या मालकांना फोन करून अर्थच्या पट्ट्या पाहून घ्या. हे पैशांपेक्षाही आधी करा, कारण त्यातली एखादी आज रात्रीही घाटात असेल.

चालक जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहिण्याची पद्धत सुरू करावी, ही विनंती. येणारा-जाणारा फॉल्ट आवारात दिसत नाही. तो कधी येतो हे फक्त गाडी चालवणाऱ्याला माहीत असते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. गाडी व्यवसायाची असली तरी मी स्वतः चालवून पोट भरतो आणि अशा स्वयंरोजगाराला हा कायदा ग्राहक मानतो.

आपला,
ट्रकमालक व चालक, कोल्हापूर

सोबत : तिन्ही बिले व नोव्हेंबरचे जॉबकार्ड यांच्या प्रती, रंग लागलेल्या बोल्टचे आणि जळलेल्या तारेचे फोटो. जुनी पट्टी माझ्याकडे जपून ठेवली आहे.